गिरणीचा भोंगा आणि कामगाराचें मन

मुंबईंतील कापडगिरण्यांचे भोंगे आतां बंद पडले आहेत. ज्या परळ-लालबागच्या वस्तीला पहांटे त्या भोंग्यानें जाग येई, तेथें आज उंच इमारती उभ्या आहेत. आणि ज्या घरांतील आजोबांनीं सारें आयुष्य साच्यापाशीं उभें राहून काढलें, त्याच घरांतील नातवंडांना 'साचा', 'धोटा', 'खाडा' हे शब्द समजावून सांगावे लागतात. तथापि या गिरण्यांच्या इतिहासांत एक प्रश्न असा आहे कीं, तो त्यांच्याबरोबर संपलेला नाहीं. मनुष्य आपल्या कामांत मन केव्हां घालतो आणि तें केव्हां काढून घेतो, हा तो प्रश्न होय.

कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं मुंबईंतील पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ सालीं ती गिरणी ताडदेवास चालू झाली. पुढील साठ वर्षांत कामगारांची संख्या लाखाच्या वर गेली. या काळांत सरकारनें कामगारांच्या स्थितीविषयीं जीं कमिशनें नेमलीं, त्यांच्यापुढें मालकांची आणि त्यांच्या मॅनेजरांची एक तक्रार पुन्हा पुन्हा येत राहिली. येथील कामगार कामचुकार आहे. यंत्र चालू असतांना तें सोडून आवारांत विडी ओढीत बसतो. शिमग्याला किंवा पेरणीला गांवीं गेला कीं परतण्याचा नेम नाहीं. आज या गिरणींत, तर उद्यां त्या गिरणींत. लँकेशायरचा कामगार पाहा आणि हा पाहा, असें म्हणून साक्ष संपे.

तक्रारींत तथ्य नव्हतें असें म्हणतां येणार नाहीं. कामगार यंत्र सोडून जात, गैरहजर राहत, गिरण्या बदलीत. हें त्यांच्या पुढाऱ्यांनींहि नाकारलेलें नाहीं. चूक होती ती कारणमीमांसेंत. आळस हा या लोकांचा जातिस्वभाव आहे असें एकदां ठरविलें कीं, मालकानें स्वतःकडे पाहण्याचें कारण उरत नाहीं. परंतु जो शेतकरी रत्नागिरीच्या डोंगरउतारावर नाचणीसाठीं दगड फोडून वाफा करी, किंवा साताऱ्याच्या माळावर भर उन्हांत कुळव धरी, तोच मुंबईस येतांच आळशी कसा झाला, याचें उत्तर स्वभावांत शोधून सांपडणार नाहीं. तें गिरणीच्या फाटकाशींच शोधलें पाहिजे.

त्या फाटकाशीं त्याची पहिली गांठ मालकाशीं पडत नसे, ती मुकादमाशीं पडे. गिरणीच्या भाषेंत यालाच जॉबर म्हणत, आणि बायकांच्या खात्यांत नायकीण असे. कामावर घेणें, कामावरून काढणें, कोणाला चांगलीं यंत्रें द्यावयाचीं, कोणाला रजा द्यावयाची, हें सारें या एका माणसाच्या हातांत असे. त्याबद्दल त्याला दस्तुरी द्यावी लागे; कोठें ती रोख असे, कोठें दर पगाराला कांहीं आणे असे, कोठें नुसता पानसुपारीचा मान असे. मालकाच्या वहींत कामगार हा एक आंकडा होता. त्याचें नांव, गांव, घरचें दुःख हें सर्व ठाऊक असे तें मुकादमाला. न्यायाच्या दृष्टीनें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, सर्वच मुकादम नीच नव्हते. पुष्कळदां तो त्याच गांवचा असे. खोली मिळवून देई, वाण्याकडे शब्द टाकी, आजारपणांत धांवून येई. परंतु जेथें पोटाची भाकरी कराराच्या जोरावर न मिळतां एका माणसाच्या मर्जीवर मिळते, तेथें माणूस कामाकडे पाहण्यापेक्षां त्या मर्जीकडे अधिक पाहूं लागतो. मुकादम बदलला कीं त्याच्याबरोबर त्याचीं माणसेंहि गिरणी सोडून जात. मॅनेजर त्याला चंचलपणा म्हणे. कामगाराच्या बाजूनें पाहतां ती निष्ठाच होती. मात्र ती गिरणीवर जडलेली नव्हती, कारण गिरणीनें तिच्यासाठीं कांहीं केलेलें नव्हतें.

पगाराची रीत तर अशी होती कीं, प्रामाणिक मनुष्यानेंहि मनांतून दूर व्हावें. महिनाभर काम करावें आणि त्याचा पगार पुढच्या महिन्याच्या मध्याच्या सुमारास हातीं यावा. म्हणजे नव्या माणसाला पहिला रुपया दिसण्यास सहा आठवडे लागत, आणि तोंवर वाणी व सावकार यांच्या वहींत त्याचें नांव पक्कें होऊन जाई. मागें राहिलेला हा पगार मालकाच्या हातीं एक प्रकारचा गहाण असे. उशीर झाला तर दंड, कामांत खोट निघाली तर दंड. कित्येक गिरण्यांत 'डबल खाडा' म्हणून एक रीत होती: एक दिवस गैरहजर राहिलेल्याचा दोन दिवसांचा पगार कापावयाचा. यांतील हिशेब कामगाराला नीट समजे. एक दिवसाची चूक आणि दोन दिवसांची शिक्षा. तेव्हां हा पैसा शिस्तीसाठीं घेतला कीं नफ्यासाठीं, असें त्याच्या मनांत आलें तर नवल नाहीं.

हें सर्व आंतून पाहिलेला एक मनुष्य त्याच काळांत पुढें आला. नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ सालचा, ठाण्याचा. रेल्वेंत आणि टपालखात्यांत नोकऱ्या करून ते एका गिरणींत भांडारपाल झाले. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते होते आणि १८८० पासून 'दीनबंधु' हें पत्र त्यांनीं मुंबईंतून चालविलें. १८८४ च्या सप्टेंबर महिन्यांत त्यांनीं गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या, आणि सुमारें ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनकडे गेला. त्या अर्जांतील मागण्या आजहि लक्षपूर्वक वाचण्यासारख्या आहेत. दर रविवारीं सुटी असावी. दुपारीं अर्धा तास विसांवा मिळावा. काम सकाळीं साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावें. पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आंत मिळावा. कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पगार मिळावा, आणि जन्माचा अपंग झालेल्याची सोय व्हावी.

या पांच मागण्यांत पगारवाढीची मागणी नाहीं. ज्यांचा पगार महिना दहा-बारा रुपयांच्या आसपास घोटाळत होता अशा माणसांनीं पहिला मोठा अर्ज केला, त्यांत त्यांनीं अधिक पैसे मागितले नाहींत. वेळ मागितला, ठरलेला पैसा वेळेवर मागितला, आणि हात तुटला तर टाकून देऊं नका असें म्हटलें. मजुराला फक्त पैसा कळतो, हें ज्यांचें ठाम मत होतें त्यांनीं हा अर्ज वाचला नसावा.

सहा वर्षें गेलीं. २४ एप्रिल १८९० रोजीं महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारें १०,००० कामगार जमले आणि दोन कामगार स्त्रियांनीं त्या सभेंत भाषणें केलीं. त्या काळीं शिकलेल्या घरांतील स्त्रियाहि जाहीर सभेंत क्वचितच बोलत. मग रोजच्या कष्टांतून आलेल्या या दोघींचें धैर्य केवढें! १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांच्या संघानें रविवारची सुटी मान्य केली आणि १८९१ च्या कायद्यानें आठवड्याच्या सुटीला व दुपारच्या अर्ध्या तासाला आधार मिळाला. रविवार हा खंडोबाचा वार. तोंवर त्या दिवशींहि यंत्रें पुसण्यासाठीं माणसांना बोलावीत. आतां तो दिवस त्यांचा झाला. लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ रोजीं प्लेगच्या सांथींत वारले.

मुंबईंत ही खटपट चालू होती त्याच सुमारास नागपुरांत एका मालकानें निराळी वाट धरून पाहिली. जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजीं, म्हणजे व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलें त्याच दिवशीं, सुरू झाली. मॅनेजर म्हणून त्यांनीं बेझनजी दादाभाई मेहता यांना नेमलें. हे गृहस्थ रेल्वेंतून आलेले. कापडाच्या धंद्याचा त्यांना गंध नव्हता, पण माणसें सांभाळण्याची हातोटी होती. गिरणी सुरू झाली आणि मुंबईचीच अडचण तेथेंहि उभी राहिली: आज आलेला उद्यां येईल याचा भरंवसा नाहीं. अशा वेळीं दंड वाढविणें हा सरळ रस्ता होता. टाटांनीं तो घेतला नाहीं. गिरणींत मोकळी हवा खेळावी म्हणून व्यवस्था केली, चांगलें काम करणाऱ्यांसाठीं समारंभपूर्वक बक्षिसें ठेविलीं, १८८६ सालीं निवृत्तिवेतनाचा निधि काढला, आणि १८९५ पासून कामावर अपघात झालेल्यांना भरपाई देण्याची सोय केली. अपघाताच्या भरपाईचा कायदा या देशांत १९२३ सालीं झाला. नागपूरच्या या गिरणीनें तें त्याआधीं २८ वर्षें आपण होऊन केलें होतें.

जमशेटजींना कोणी धर्मात्मा ठरवूं नये. त्यांनाहि तें आवडलें नसतें. ते व्यापारी होते, आणि या गिरणीनें त्यांना उत्तम नफा दिला. विशेष आहे तो हाच. धर्मादाय म्हणून दिलेलें दान एका हातानें येतें आणि धंदा मंदावला कीं दुसऱ्या हातानें जातें. येथें माणसाला सांभाळणें हा धंद्याचाच एक भाग धरला होता. म्हातारपणीं आपल्याला हीच गिरणी कांहीं देणार आहे, हें ज्याला ठाऊक आहे तो पेरणीला गांवीं जाईलहि, पण परत येईल. मात्र मुंबईचे बहुतेक मालक या उदाहरणापासून कांहीं शिकले असें दिसत नाहीं.

ते शिकले तें दुसरेंच. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले. तोंवर सूर्य हाच कामगाराचा खरा कैवारी होता, कारण अंधार पडला कीं यंत्र थांबवावें लागे. दिवे आल्याबरोबर मागणीच्या तेजींत कित्येक गिरण्या रोज चौदा-चौदा तास आणि त्याहून अधिक चालूं लागल्या. त्यावरून बोभाटा झाला, दंगे झाले, आणि १९०७ सालीं नेमलेल्या कमिशननें १९०८ मध्यें आपला अहवाल दिला. यंत्र सोडून रेंगाळण्याची ती जुनी तक्रार येथेंहि आलीच. परंतु इतके तास कोणताहि मनुष्य सारखें लक्ष देऊन काम करूंच शकत नाहीं, म्हणून तो मधून मधून आपली सुटका करून घेतो, हीहि गोष्ट त्या चौकशींत पुढें आली. मालकांनासुद्धां तें मनांतून माहीत होतें. एक गेला असतां दुसऱ्यानें यंत्र पाहावें म्हणून ते जादा माणसें ठेवीत. ज्याला चौदा तास म्हणत त्यांतला खरा कामाचा वेळ बराच कमी असे, आणि हें उभय पक्षांना ठाऊक असून दोघेहि तें लपवीत. मालकानें वाटेल तेवढे तास मागावे आणि कामगारानें ते दिल्यासारखें करावें, असा हा अलिखित करार होता. त्यांत सर्वांत अधिक झीज झाली ती सचोटीची. १९११ च्या कायद्यानें कापडगिरण्यांत पुरुषांचे तास १२ वर आणले, १९२२ मध्यें ते आठवड्याला ६० झाले आणि १९३४ मध्यें ५४.

तासांचा हिशेब कायद्यानें होतो. अपमानाचा होत नाहीं. साच्यावर विणतांना कापडांत दोष राहिला तर तें कापड विणकराच्याच गळ्यांत मारण्याची रीत पुष्कळ गिरण्यांत होती. त्याची किंमत पगारांतून कापून घ्यावयाची आणि ठाण त्याच्या हवालीं करावयाचें. मग त्यानें तें दारोदार फिरून मिळेल त्या भावाला विकावें. सूत निकृष्ट असलें, यंत्र जुनें असलें, तरी दोष त्याचाच. ज्या हातांनीं विणलें त्याच हातांनीं आपल्या नाचक्कीचें कापड खांद्यावर टाकून चाळींत शिरतांना त्या मनुष्याला काय वाटत असेल, याची नोंद कोणत्याहि अहवालांत सांपडत नाहीं. पण १९२० नंतरच्या संपांच्या काळांत विणकर पुन्हा पुन्हा याच गोष्टीवर बोट ठेवीत, यावरून ती जखम किती खोल होती हें समजतें.

याहूनहि एक दुखरी गोष्ट होती, आणि तिचा दोष एकट्या मालकांच्या पदरीं टाकतां येत नाहीं. विणकामाचें खातें हें अधिक पगाराचें खातें. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगारांना तेथें प्रवेश नसे. त्यांना कातण्याच्या खात्यांतील कमी पगाराचीं कामें मिळत. कारण असें सांगत कीं, धोट्यांतील सूत तुटलें म्हणजे नवें टोंक धोट्याच्या भोकांतून तोंडानें ओढून घ्यावें लागतें. एकाच्या तोंडाचा धोटा दुसऱ्यानें तोंडाला कसा लावावा? म्हणजे जे सवर्ण विणकर मालकापाशीं न्याय मागत होते, तेच शेजारच्या खात्यांतील आपल्या भावाला न्याय देण्यास तयार नव्हते. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं हा प्रश्न पुढाऱ्यांपुढें ठेविला आणि सर्व खात्यांत प्रवेशाचा हक्क मागितला. मालकांनीं त्यावर उत्तर दिलें कीं, हा अन्याय असेल तर त्याला जबाबदार आम्ही नाहीं. उत्तर सोयीचें होतें, पण त्यांतील अर्धे सत्य कामगारांच्या संघटनांना झोंबण्यासारखें होतें. एकजुटीची हांक घालणाऱ्यांच्या मागें सर्वजण सारख्याच उत्साहानें गेले नाहींत, याचें एक कारण येथें आहे. ज्याला धोट्याजवळ येऊं दिलें नाहीं, त्यानें त्या धोट्यासाठीं उपाशी कां राहावें?

वचनाची गोष्ट १९२४ सालीं निघाली. पहिल्या महायुद्धानंतरच्या तेजींत मालकांना अलोट नफा झाला आणि त्यांनीं सलग कांहीं वर्षें कामगारांना वर्षाअखेर एक महिन्याच्या पगाराएवढा बोनस दिला. १९२३ सालीं मंदी आली, तेव्हां यंदा बोनस नाहीं अशी नोटीस जुलैमध्यें लागली. मालकांच्या लेखीं बोनस ही खुषीची देणगी होती. कामगाराच्या लेखीं तो त्यानें साऱ्या वर्षाच्या कामानें मिळविलेला पगार होता. घरचें देणें, गांवचें लग्न, सारें त्याच्या भरंवशावर ठरलेलें. जानेवारी १९२४ मध्यें संप झाला आणि दीड लाखांवर माणसें दोन महिने घरीं बसलीं. सर नॉर्मन मॅक्लिऑड या मुख्य न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली. तिनें निर्णय दिला कीं, रूढीनें, कायद्यानें किंवा न्यायबुद्धीनें या बोनसावर कामगारांचा हक्क सिद्ध होत नाहीं. कायद्याच्या पुस्तकाप्रमाणें निर्णय बरोबर असेल. संप मोडला आणि माणसें कामावर परतलीं, पण रिकाम्या हातांनीं. पुढच्याच वर्षीं मालकांनीं साडेअकरा टक्के पगारकपात जाहीर केली, तेव्हां सप्टेंबरपासून पुन्हा संप सुरू झाला. कापडावरील जकात सरकारनें डिसेंबरांत तहकूब केली आणि कपात मागें घेतली गेली, तेव्हांच तो मिटला. १९२८ मध्यें २६ एप्रिलपासून ६ ऑक्टोबरपर्यंत गिरण्या बंद राहिल्या. ज्याचा शब्द एकदां गेला, त्याचा पुढचा खरा शब्दहि कोणी मानीत नाहीं. १९२८ सालीं कामाची नवी पद्धत आणूं म्हणणाऱ्या मालकांची योजना सगळीच वाईट नव्हती. एकानें अधिक यंत्रें पाहावीं आणि त्याला अधिक पगार मिळावा, या म्हणण्यांत विचार करण्यासारखें कांहीं होतें. परंतु ऐकून घेण्यास समोर कोणी उरलें नव्हतें.

१९३१ सालीं रॉयल कमिशननें आपल्या अहवालांत मुकादमाच्या हातून कामावर घेण्याचा व काढण्याचा अधिकार काढून घ्यावा आणि त्यासाठीं मजूर अधिकारी नेमावे अशी शिफारस केली. १९३४ मध्यें मुंबई सरकारनें कायदा करून सरकारी मजूर अधिकारी नेमला. १९३६ च्या पगाराच्या कायद्यानें दंडाला रुपयामागें अर्ध्या आण्याची मर्यादा घातली, दंडाची रक्कम कामगारांच्याच हिताकडे लावण्यास सांगितलें, आणि मोठ्या कारखान्यांत पगार १० तारखेच्या आंत व लहान कारखान्यांत ७ तारखेच्या आंत देणें भाग पाडलें. लोखंड्यांच्या अर्जांतील १५ तारखेला अशा रीतीनें ५२ वर्षांनीं उत्तर मिळालें.

एक वर्ग मात्र या सर्व सुधारणांच्या कडेला उभा राहिला. कायमचा कामगार गैरहजर असेल त्या दिवशींच ज्याला काम, तो बदली कामगार. रोज पहांटे यानें फाटकाशीं यावें आणि मुकादमाच्या बोटाकडे पाहत राहावें. बोट वळलें तर दिवस कामाचा, नाहीं तर चाळीकडे परत. १९३५ पासून गिरणीमालकांच्या संघानें ठरावीक बदली कामगारांना दर महिन्याच्या पहिल्या तारखेस कार्ड देण्याची पद्धत सुरू केली. कार्ड असलेल्यानें रोज हजर राहावें, आणि रिकामी जागा प्रथम त्यालाच मिळावी. त्यानें मुकादमाची लांचखोरी कांहीं अंशीं आटली. पण कार्ड म्हणजे नोकरी नव्हे. ज्याच्याकडे तें आहे त्यानें वर्षानुवर्षें गिरणीचें काम करावें आणि तरीहि गिरणीचा म्हणवून घेऊं नये, असा तो प्रकार होता. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या गिरण्यांतील शेवटचा मोठा संप सुरू झाला, तेव्हां मागण्यांच्या यादींत बदली कामगारांना कायम करण्याची मागणी होती. आणि त्या दिवशीं घरीं राहिलेल्या अडीच लाख माणसांत वर्षानुवर्षें फाटकाशीं उभे राहिलेले हजारों बदली कामगार होते.